‘अंबाबाईला आलेलं गिऱ्हाईक गुगल बघून येत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

छोट्या दुकानानं इंटरनेटवर कसं उभं राहावं, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेतल्या, एका वाचकानं लिहिलंय. थोडक्यात असं: “दुकान आजोबांपासून आहे. अंबाबाईला आलेलं गिऱ्हाईक गुगल बघून येत नाही, चार दुकानं फिरून येतं. तुमच्यासारख्यांचं वाचून एका एजन्सीला पस्तीस हजार दिले. वेबसाइट झाली, रोज पोस्ट पडल्या, सणाच्या शुभेच्छा पडल्या. सहा महिन्यांत एक जोड गेला नाही. तुम्ही लोक एजन्सीवाल्यांचं पोट भरायला लिहिता. आधी गल्ल्यावर बसून बघा.”

दादा, उत्तराला आठवडा लावला, कारण तुम्ही दिलेली साइट आणि दुकानाचं गुगलवरचं पान (गुगल बिझनेस प्रोफाइल) नीट बघूनच लिहायचं होतं.

गल्ल्याचं आधी. बसलोय मी, पण चपलांच्या नाही. उद्यमनगरात वडिलांचं मशीन शॉप होतं, तिथं सात वर्षं चलानं फाडली आणि वसुलीचे फोन केले. दुपारी तीनपर्यंत भवानी झाली नाही की पोटात काय होतं, ते तुम्हाला जास्त ठाऊक. तेवढं मानतो.

आता माझ्या दोन चुका. ‘रोज एक पोस्ट टाका’ हे मीच लिहिलं होतं आणि ते वाईट सांगणं होतं. पाडव्याच्या शुभेच्छा, कोपऱ्यात दुकानाचा लोगो. ते बघून चप्पल कोण घेईल? मी तरी घेणार नाही. दुसरी चूक जुनी. गुगलच्या दुकान-पानासोबत फुकट साइट मिळायची, ती करून घ्या असं मी २०२१ मध्ये लिहिलं होतं. मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या साइट बंद केल्या. ज्यांनी माझं ऐकून तो पत्ता पिशव्यांवर छापला, त्यांच्या पिशव्या वाया गेल्या. दुसऱ्याच्या जागेत टाकलेल्या टपरीचं हे असंच असतं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा लाखाचे फॉलोअर असलेली पोरं एका रात्रीत रिकामी झाली होती, हे बघूनही मी पुढच्याच वर्षी तसं लिहिलं.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न विक्रीचा नाही. तुमच्या वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर घेतलंय? गुगलच्या पानाचा मालक कुठला जीमेल आहे? मला दाट शंका आहे की दोन्ही एजन्सीकडं आहेत. दुकानाचा गाळा घेताना आपण सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड बघतो, भाडेकरार वकिलाला दाखवतो, आणि इथं पस्तीस हजार देऊन किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवतो. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर पाहिजे; .इनचं नाव वर्षाला हजाराच्या आतबाहेर येतं, त्याला एजन्सी लागत नाही. गुगलच्या पानावर मालक तुम्ही आणि एजन्सी फार तर मॅनेजर. पान दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तिथूनच मालकीची मागणी करता येते. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. हे आजच करा. बाकी सगळं नंतर.

आता तुमचा मुख्य मुद्दा, गिऱ्हाईक फिरून येतं. बरोबर आहे, पण ते फिरताना हातात काय असतं ते बघा की. हुबळीहून, पुण्याहून आलेलं कुटुंब बिंदू चौकात गाडी लावतं, दर्शन उरकतं, आणि भाऊसिंगजी रोडकडं चालता चालता पोरगी फोनवर ‘कोल्हापुरी चप्पल’ टाकते. अशा शोधात कुणाला वर दाखवायचं याचे निकष गुगल स्वतःच सांगतं: विचारलंय त्याच्याशी जुळणं, अंतर, आणि दुकान किती जाणतं-मानलेलं आहे ते. चप्पल लाइनीत दुकानाला दुकान लागून. अंतर सगळ्यांचं सारखंच! मग फरक पडतो तो दुकानाची वेळ, फोटो, अभिप्राय आणि नीट लिहिलेल्या माहितीनं. तुमच्या पानावर काय आहे? जुना लँडलाइन, तीन अभिप्राय, आणि फोटो बंद शटरचा. बहुतेक कुणीतरी रात्री काढलेला. शेजारच्या दुकानाचे चाळीसच फोटो आहेत, पण चप्पल हातात धरून काढलेले.

अभिप्राय विकत मात्र घेऊ नका. ‘शंभर रिव्ह्यू इतक्याला’ म्हणून मेसेज येतात, गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि पान उडू शकतं. दुकानाच्या नावापुढं ‘बेस्ट स्वस्त कोल्हापुरी चप्पल’ असली शेपटी लावणंही तसंच. जो माणूस जोड घालून, दोन पावलं चालून, आरशात बघून हसला, त्यालाच पैसे देताना सांगायचं, ‘फोनवर दोन ओळी लिहा की.’ दहातला एक लिहील. पुरे.

आणि लिहायचं काय, तर गिऱ्हाईक तुम्हाला रोज विचारतं तेच. पावसात चालते का? पहिल्या आठवड्यात चावते, मग कुठं तेल लावायचं? कापशी आणि साधी यात फरक काय? करकर कशानं वाजते? पायाचं माप घरी कसं घ्यायचं? कुरिअरनं मागवली आणि घट्ट झाली तर? ही उत्तरं तुमच्या वडिलांना झोपेत येतात. तुमच्या साइटवर त्यातलं एकही नाही. तिथं ‘गुणवत्ता आणि विश्वास’ असं लिहिलंय. हे वाक्य सिमेंटच्या दुकानालाही चालतं. वडिलांना बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करा आणि तसंच उतरवा. मराठीत आणि हिंदीत, मग जमलं तर इंग्रजीत.

याची गरज का, ते जून २०२५ मध्ये दिसलं. मिलानमध्ये प्राडानं रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आपल्याकडं गदारोळ झाला, जगभरच्या बातम्यांत कोल्हापूरचं नाव आलं. त्या आठवड्यात मी फोनवर शोधून बघितलं. वर सगळी मोठी शॉपिंग अ‍ॅप, त्यात रेक्झिनचेही जोड. लाइनीतलं एक दुकान सापडायला बरंच खाली जावं लागलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. तुम्ही मानांकनाखाली नोंदणी केली असेल तर ती साइटवर ठळक लावा. नसेल तर लावू नका, पण चामडं कुठलं, कमावलं कसं, शिवली कुणी, हे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. अ‍ॅपवाल्याला ते लिहिता येणार नाही, त्याला माहीतच नाही.

इन्स्टाग्राम हवंच का? तुमच्या दुकानात मुलगा किंवा भाची हौसेनं करणार असेल तर करा. वेणी घालतानाचा, गोंडा बसवतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ लोक बघतात. हौस नसेल तर सोडा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मात्र घ्या, त्यातल्या कॅटलॉगमध्ये दहा जोड, दर आणि मापं टाका. दर लपवू नका. घासाघीस करणारा तरीही करतो.

पस्तीस हजार परत येतील असं मी म्हणत नाही. एजन्सीकडून निदान पासवर्ड आणि डोमेन घ्या. देत नसतील तर मला लिहा, मागणीचं पत्र करून देतो, पैसे नकोत.

वडिलांसाठी नऊ नंबरची कापशी घ्यायचीय, गुरुवारी येतोय. दुकान विचारत विचारतच येईन. तुमची गुगलवरची पिन मागच्या बोळात पडलीय, मी परवा तिथंच जाऊन उभा राहिलो होतो.