द्वारा फायरवॉल

सोसायटीत मी ‘कॉम्प्युटरमधला’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद अडकला, ओटीपी आला नाही किंवा लिफ्टचा आकडा तिरका दिसला, की बेल आमचीच वाजते. याच लौकिकापायी दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून सोसायटीला फायरवॉल, म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी, करून दिली. फुकट. म्हणजे वॉरंटी आजन्म.

परवा शनिवारी रात्री साडेनऊला सेक्रेटरी काका दारात. “अहो, सीसीटीव्हीचा नवा रेकॉर्डर बसवलाय, पण पार्किंग मोबाइलवर दिसेना.”

खरं तर रेकॉर्डर असा उघडा जगासमोर ठेवू नये, व्हीपीएनमधून, म्हणजे खाजगी कुलूपबंद वाटेने बघावा, हे मी मागे मीटिंगमध्ये सांगितलं होतं. “महिना किती पडेल?” एवढा एकच प्रश्न आला होता आणि विषय संपला होता.

“पाच मिनिटांत येतो,” मी बायकोला म्हटलं. तिने शांतपणे लॅचची किल्ली हातात ठेवली.

काम होतं नॅटचं. नॅट म्हणजे काय, ते आमच्या आजोळच्या वाड्यावरून सांगतो. सदाशिव पेठेत सोळा बिऱ्हाडं, पत्ता एक. पत्रावर ‘द्वारा’ लिहून मालकांचं नाव घालायचं. पुढे कुठलं पत्र कुणाचं, हे मालकांनी लक्षात ठेवायचं. फायरवॉल हेच करते. आतल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते; तिचा स्वतःचा आतला पत्ता १९२.१६८.१.१. माहितीचं पाकीट बाहेर जाताना ती त्यावर स्वतःचा बाहेरचा पत्ता घालते आणि कोण कुणाशी बोलतंय ते वहीत टिपते. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, ते पुरणार नव्हते म्हणून ही युक्ती. मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या टिपणात ती मांडली, तेव्हा अल्पकालीन उपाय म्हणून मांडली होती. आमच्या गच्चीवरचा पत्राही एका पावसाळ्यापुरताच टाकला होता.

जुन्या रेकॉर्डरच्या पत्त्याचा शेवट ५० होता, नव्याचा ६०. नॅटच्या रूलमध्ये, म्हणजे बाहेरून आलेलं पाकीट आत कुणाला द्यायचं त्या नियमात, ५० चं ६० केलं. काकांना म्हटलं, बघा. काकांनी बघितलं. काही नाही.

टीसीपीडम्प लावून पाकिटांवर पाळत ठेवली. बाहेरच्या बाजूने पाकीट येताना दिसे, आतल्या बाजूला मात्र उगवत नसे. तासभर मी केबल, स्विच आणि शेवटी रेकॉर्डर बसवणाऱ्याच्या हेतूंवर संशय घेतला. मग उजेड पडला. फायरवॉल पत्ता आधी बदलते आणि झडती नंतर घेते. झडतीवाल्यासमोर पाकीट येतं ते ६० च्या नावाने, आणि त्याच्या यादीत अजून ५० लाच मुभा होती. एका खोलीत पाटी बदलली, दुसऱ्या खोलीत विसरलो.

आता माझ्या मोबाइलवर ब्राउझरमध्ये रेकॉर्डर उघडला. काकांच्या ॲपमध्ये नाही. “तुमचा फोन महागातला असेल,” काका म्हणाले. तसं नव्हतं. नॅटचा रूल पाहिला जातो तो संभाषणाच्या पहिल्या पाकिटालाच. पुढची सगळी पाकिटं वहीतल्या नोंदीवर चालतात. काकांचं ॲप दर काही सेकंदांनी दार ठोठावत होतं, त्यामुळे जुनी नोंद मरत नव्हती आणि पाकिटं निमूटपणे ५० कडे जात होती, जिथे आता कुणी राहत नव्हतं. पागडीवाला भाडेकरू! नवे नियम त्याला लागूच नाहीत. नोंद खोडली. काकांना पार्किंग दिसलं. पहिल्याच दृश्यात माझी स्कूटर होती आणि तिच्या सीटवर कुत्रं झोपलेलं होतं.

“ही तुमचीच ना? रेषेबाहेर आहे.”

मी उठलो. तेवढ्यात काकांनी मोबाइलवर सोसायटीच्या ऑफिसचं वायफाय चालू केलं आणि पार्किंग गेलं.

“म्हणजे रस्त्यावरून दिसतं आणि रेकॉर्डरच्या शेजारी बसून दिसत नाही?” प्रश्न रास्त होता. पुन्हा वाड्यात चला. समजा, ओसरीवर बसून मी मालकांच्या पत्त्यावर पत्र टाकलं, ‘वरच्या काकूंना द्या’. काकूंनी पाहिलं, पाठवणारा तर वाड्यातलाच. मालकांना कशाला त्रास, म्हणून त्यांनी गॅलरीतूनच ओरडून उत्तर दिलं. पण मी मालकांच्या हातून उत्तर येण्याची वाट बघत बसलेला. काकूंचा आवाज आला तरी मी म्हणणार, या कोण बाई? मोबाइल तसंच करतो. विचारलं बाहेरच्या पत्त्याला, उत्तर आलं ६० कडून, दिलं फेकून.

उपाय असा, की अशा पत्रावर पाठवणारा म्हणूनही फायरवॉलने स्वतःचंच नाव घालावं, म्हणजे उत्तर तिच्यामार्फत परत येतं. याला हेअरपिन नॅट म्हणतात. पाकीट आतून दारापर्यंत जातं आणि केसांतल्या आकड्यासारखं वळून परत आत येतं. पाऊण वाजला होता. रूल लिहिला. ‘फक्त आतून आलेल्यांसाठी’ एवढं कलम त्यात घालायचं राहिलं. पण पार्किंग दिसू लागलं आणि मी घरी जाऊन किल्लीने दार उघडलं.

गुरुवारी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: ‘रेकॉर्डरमधील नोंदीनुसार १९२.१६८.१.१ हे एकच सभासद रात्री-अपरात्री वारंवार पार्किंग पाहत असल्याचे आढळले आहे. त्यांनी दोन दिवसांत ऑफिसात येऊन लेखी खुलासा द्यावा.’

खाली लगेच कुणीतरी लिहिलं, ‘नाव जाहीर करा.’ त्याखाली दुसरं, ‘बी विंगमधले असणार.’