जोशुआ ट्रीच्या पतंगाबद्दल माझ्याच पोस्टचा खुलासा

मागच्या आठवड्यात मी टाकलं होतं की अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात जोशुआ ट्री (युक्का प्रकारातली झाडं) मरतायत कारण एका पतंगाच्या अळ्या त्यांच्या बिया खातात. ते चुकीचं आहे, आणि आता त्यात ‘हे पतंग मारून टाका’ असं कोणीतरी जोडून फिरवतंय.

अळ्या बिया खातात हे खरं, पण थोड्याच. मी अर्धीच गोष्ट वाचली होती. या झाडाचं परागीभवन फक्त हाच युक्का पतंग करतो, मादी तोंडाजवळच्या खास सोंडांनी परागकण गोळा करते, दुसऱ्या फुलात अंडी घालते आणि मग ते परागकण चक्क स्वतः स्त्रीकेसरावर दाबून बसवते (माणसाने पेरणी करावी तसं!), म्हणजे पतंग नाही तर बीच नाही. आणि अंडी जास्त झाली तर युक्का ते फूलच गाळून टाकतं, तो हिशोब झाडाकडे आहे. युक्काचं हे सगळं १८७०च्या दशकापासून नोंदलेलं आहे, नवीन शोध वगैरे नाही.

खरा धोका वाढतं तापमान, दुष्काळ आणि बाहेरून आलेल्या गवतामुळे पसरणारे वणवे. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे लागलेल्या ‘डोम फायर’ नावाच्या वणव्यात अंदाजे १३ लाख झाडं गेली.

जुनी पोस्ट डिलीट केलीये, तुमच्याकडे स्क्रीनशॉट असेल तर प्लीज पुढे पाठवू नका.