देव न मानणाऱ्याचे गावातले स्थान

मी कोणताही धर्म मानत नाही, आणि दापोली तालुक्यातल्या माझ्या गावात हे सर्वांना ठाऊक आहे. शिमग्यात पालखी अंगणात येते तेव्हा आई देवीची ओटी भरते, गुरव गाऱ्हाणे घालतात, पालखी नाचवून घामाघूम झालेल्या मुलांना मी कोकम सरबत देतो, पण हात जोडत नाही. मनात नसलेला भाव हातांनी दाखवणे हा मला आईच्या श्रद्धेचाही अपमान वाटतो.

इथवर कोणाची हरकत नसते. अडचण पुढे येते, कारण कोकणात देव गावकीचा, म्हणजे गावाच्या सामूहिक कारभाराचा असतो. मान कोणाचा, पालखीला खांदा कोणत्या वाडीचा, पट्टी किती, हे ज्या बैठकीत ठरते, तिथेच पाखाडीची, म्हणजे दगडी पायवाटेची, दुरुस्ती आणि विहिरीचा उपसाही ठरतो. त्यामुळे देवापासून दूर झालेला माणूस नकळत गावापासूनही दूर ढकलला जातो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा आमच्याच तालुक्यातल्या मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. वाळीत टाकण्याची ही रीत त्यानंतरही इतकी टिकून राहिली की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माचरणाच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य येते. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा हक्क नागरिकाला आहे, आणि सरकार त्याला धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. हा हक्क कागदावर पक्का आहे. गावात तो पक्का व्हायचा तर देवाचा आणि गावाचा हिशेब वेगळा हवा. मी देवळाची पट्टी देत नाही, पाखाडीसाठी मात्र मागतील तेवढे देतो आणि श्रमदानालाही जातो.

हे केवळ माझ्यासारख्यांसाठी नाही. मुस्लिम मोहल्ल्यातली माणसे त्याच पाखाडीने बंदराकडे जातात, पण देवळातल्या बैठकीला ती येणार कशी? म्हणून पाण्याची आणि रस्त्याची बैठक शाळेच्या पडवीत घ्यावी, तिची वही निराळी ठेवावी आणि तिथे प्रत्येक घराला बोलावणे जावे, अशी विनंती मी वाडीप्रमुखांकडे लेखी केली आहे.