पट घटला म्हणून पोरीचं नाव शाळेतून काढू नकोस

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन आला. "ताई, ग्रुपवरचं वाचलंस? आम्ही पोरीचं नाव शाळेतून काढतोय. मेल लिहून तयार आहे, फक्त पाठवायचा बाकी आहे." ग्रुप म्हणजे इथल्या मराठी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. आणि वाचायचं काय, तर 'अमेरिकेतल्या प्रायव्हेट शाळांचं काळं सत्य' हा मेसेज. तोवर तो मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला होता. मी तो बाजूला सारला होता, ती माझी चूक झाली. कुणीतरी त्यावर विसंबून पोरीची शाळा सोडवायला निघेल असं वाटलं नव्हतं.

मेसेजचा सारांश असा. पट घटला म्हणजे हेड, म्हणजे शाळेचा प्रमुख, नालायक, पालकांनी एकजूट करून त्याला घालवावं. फायनान्शियल एड, म्हणजे ऐपत नसलेल्यांना फीत मिळणारी सवलत, हे पूर्ण फी भरणाऱ्यांच्या पैशावर दुसऱ्यांची मुलं शिकवणं. वेटलिस्ट ही थाप असते. ॲडमिशन ऑफिस म्हणजे माल खपवणारं दुकान. आणि शेवटी ठळक अक्षरांत: पट घटलेल्या शाळेतून मूल ताबडतोब काढा, फार तर डिपॉझिट बुडेल.

मी अकरा वर्षं एका इंडिपेंडंट स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसात काम करते. अशा शाळेवर सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टचा ताबा नसतो. तिचं स्वतःचं विश्वस्तांचं बोर्ड असतं आणि ती चालते मुख्यतः फी आणि देणग्या यांवर. त्यामुळे पट हा आमच्याकडे रोजचा श्वास आहे. शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बहीण त्या रात्री त्याच्याच मागे लागली होती.

"फार तर डिपॉझिट बुडेल." हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने एन्रोलमेंट काँट्रॅक्ट उघडून पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षाचा करार पालक साधारण हिवाळ्याच्या अखेरीस सही करून देतात, सोबत डिपॉझिट भरतात. बहुतेक करारांत एक तारीख असते. तिच्या आत कळवलंत तर डिपॉझिटवर सुटका. ती उलटली की पूर्ण वर्षाची फी देणं लागता, मूल वर्गात एकही दिवस बसलं नाही तरी. शाळेने तोवर त्या आकड्यावर शिक्षकांच्या नेमणुका केलेल्या असतात, म्हणून हे कलम असतं. काही शाळा अडचण पाहून सवलत देतात, काही कोर्टापर्यंत जातात. आमच्या ऑफिसात एक आई ऑगस्टमध्ये आली होती. करार तिच्या हातात होता, त्या कलमाशेजारी तिचीच आद्याक्षरं होती आणि ती पुन्हा पुन्हा तेवढ्याच चार ओळी वाचत होती. तिलाही कुणीतरी 'फक्त डिपॉझिट जातं' असंच सांगितलं होतं.

मी बहिणीला म्हटलं, मेल राहू दे, आधी करार उघड. तिने फोनवरच कलम वाचून दाखवलं. तारीख तीन आठवड्यांपूर्वी उलटून गेली होती. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मेल गेला असता, तर पोरगी दुसऱ्या शाळेत आणि वर्षभराची फी या शाळेला, अशी गत झाली असती. मेसेज लिहिणाऱ्याचं काय गेलं असतं?

आणखी एक गोष्ट. समजा शाळेचा पट खरंच थोडा उतरलाय, पण शाळा तग धरून आहे. असा मेसेज वाचून एकाच वर्गातली चार कुटुंबं निघाली, तर जी शाळा चालली असती ती खरोखर अडचणीत येते. लहान शाळेत चार मुलं म्हणजे एका शिक्षकाचा पगार. अफवाच शाळा बुडवते, आणि मग तोच मेसेज 'बघा, सांगितलं होतं' म्हणून पुन्हा फिरतो.

शाळा बंद पडतात, हे मात्र खरं आहे. कधी कधी पालकांना अगदी उशिरा, वर्ष संपताना कळतं. तेव्हा ज्याला भीती वाटते त्याला मी वेड्यात काढणार नाही. पण मनात आलेली भीती खरी की खोटी हे तपासायला मार्ग आहेत, त्यांच्याकडे शेवटी येते.

आता एड. या मुद्द्याचा मला सर्वांत जास्त राग आहे, कारण तो पालकांना एकमेकांच्या मुलांकडे संशयाने बघायला शिकवतो. हिशोबाला सोपे आकडे घेऊ. वर्गात जागा १८, फी ३०,००० डॉलर. पूर्ण फी भरणारी मुलं १४. जमा ४,२०,०००. चार बाकं रिकामी. आता निम्म्या फीवर दोन मुलं घेतली. जमा ४,५०,०००. शिक्षक तोच, खोली तीच, हीटिंगचं बिल तेच, वाढला तो वह्यापुस्तकांचा किरकोळ खर्च. मग त्या दोन मुलांनी चौदा जणांचं काय नेलं? उलट तीस हजारांची भर घातली. रिकामं बाक एक डॉलरही देत नाही. शिवाय बऱ्याच शाळांत पूर्ण फीसुद्धा एका मुलाचा पूर्ण खर्च भागवत नाही. वरची तूट देणग्या आणि एंडाउमेंट, म्हणजे शाळेची कायमची गुंतवलेली ठेव, यांतून निघते. म्हणजे त्या अर्थाने पूर्ण फी भरणाऱ्याच्या मुलालाही कुणीतरी हातभार लावतच असतं.

यात अर्धसत्य आहे, तेही सांगते. बाहेर पूर्ण फी भरायला तयार असलेली मुलं उभी असतील तर हा हिशोब बदलतो. आणि काही शाळा घाबरून, गरज नसलेल्यांनाही सवलती वाटत सुटतात. डोकी वाढतात, पण सवलती वजा जाता हाती येणारी फी, जिला आम्ही नेट ट्यूशन रेव्हेन्यू म्हणतो, ती जागच्या जागी राहते. हे दुखणं खरं आहे आणि त्यासाठी बोर्डाला जाब विचारायला हवा. पण त्याचा दोष निम्म्या फीवर शिकणाऱ्या पोरावर कसा येतो?

पट घटला की हेड नालायक. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नॅशनल सेंटर फॉर हेल्थ स्टॅटिस्टिक्सचे जन्माचे आकडे उघडे आहेत, कुणीही पाहावेत. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख १६ हजार मुलं जन्मली. हा आजवरचा उच्चांक. २०२० साली जन्मली सुमारे ३६ लाख १४ हजार. २००७ ची मुलं २०२५ च्या सुमारास बारावी करून बाहेर पडली आणि त्याच वेळी किंडरगार्टनच्या दारात उभी राहिली ती २०१९-२० ची. वर्षाला सहा-सात लाख मुलं मुळात जन्मलीच नाहीत. ती कुठला हेड आणणार? त्यात २०२०-२१ मध्ये सरकारी शाळा ऑनलाइन आणि अनेक खासगी शाळा उघड्या, म्हणून बऱ्याच ठिकाणी पट अचानक फुगला. त्यातली काही कुटुंबं नंतर परत गेली. तो फुगवटा धरून आजचा पट मोजला तर घसरण दिसणारच. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. तिथे जे पालक त्यामुळे बाहेर पडले, ते काय हेडने घालवले?

हेडच्या चुका होत नाहीत असं मी म्हणत नाही. पहिलीत आलेली मुलं पाचवीपर्यंत टिकत नसतील, दर वर्षी चांगले शिक्षक सोडून जात असतील, तर ते हेडच्याच दारात येतं. जन्मदराला इलाज नाही, पण आलेलं मूल टिकवणं हातात असतं. म्हणूनच बाहेरून येणारी मुलं किती आणि आतली टिकणारी किती हे दोन आकडे वेगळे मागावेत. मेसेज दोन्हींची खिचडी करतो.

आणि घालवून पुढे काय? हेड नेमणं, त्याला पाठबळ देणं, त्याचं मूल्यमापन करणं हे बोर्डाचं काम. नॅशनल असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट स्कूल्सची तत्त्वंही हेच सांगतात. नव्या हेडचा शोध बऱ्याचदा वर्षभर चालतो, मधे एक वर्ष हंगामी माणूस. त्या काळात शाळा बघायला आलेले पालक पहिला प्रश्न विचारतात, "पुढचा हेड कोण?" आणि आम्हाला उत्तर देता येत नाही. घाईने हेड घालवला की प्रवेशाचे दोन हंगाम हातचे जातात. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

वेटलिस्ट. थाप नाही. सहावीला वेटलिस्ट आणि दुसरीत सहा जागा रिकाम्या, हे एकाच शाळेत एकाच वेळी असतं. काही शाळा फक्त पहिला भाग मोठ्याने सांगतात, ते मला पटत नाही. विचारा, कुठल्या वर्गाला?

ॲडमिशन ऑफिस म्हणजे दुकान. ओपन हाउस, गुळगुळीत माहितीपत्रकं, हसरे फोटो, हे सगळं आम्ही करतो. पण जानेवारीत चार वर्षांची पोरं गळ्यात नावाचं कार्ड घालून ठोकळे रचायला येतात. एखादं तासभर आईचं बोट सोडत नाही, आणि तेव्हा 'आमची शाळा याला झेपेल का' हे ठरवायला आम्ही चौघं बसतो. नाही म्हणायची वेळ येते तेव्हा जागा रिकामी असूनही नाही म्हणतो. दुकानदार गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही.

आता तपासायचं कसं ते. बहुतेक इंडिपेंडंट स्कूल नॉन-प्रॉफिट असतात आणि त्यांना दर वर्षी कर खात्याकडे फॉर्म ९९०, म्हणजे जमाखर्चाचा तपशील देणारा फॉर्म, भरावा लागतो. चर्चशी संलग्न शाळांना बहुधा त्यातून सूट असते, बाकीच्यांचा फॉर्म कुणीही मागून पाहू शकतं, ऑनलाइनही सापडतो. तीन-चार वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवले की जमा किती, खर्च किती, तूट एखाद्या वर्षाचीच की दर वर्षाची, शिल्लक घटतेय का, हेडला पगार किती, सगळं दिसतं. मेसेजमध्ये फॉर्म ९९० चं नावसुद्धा नाही.

बहिणीने मेल पाठवला नाही. रविवारी आम्ही दोघींनी तिच्या शाळेचे फॉर्म काढले. दोन वर्षं थोडी तूट, त्याआधी दोन वर्षं शिल्लक. गुरुवारी तिची हेडबरोबर भेट आहे. वहीत तिने तीन प्रश्न लिहून घेतलेत: सप्टेंबरसाठी प्रत्येक वर्गात किती करार सही झालेत, गेल्या वर्षीच्या मुलांपैकी किती परत येतायत, आणि फी कमी आली तर शाळा गंगाजळीवर किती महिने चालेल.