पराग पडला म्हणजे फळ धरलं असं नाही

मुलांसाठीच्या एका लेखातलं ‘परागकण कुक्षीवर (फुलाच्या मादी भागाच्या टोकावर) पडला की फुलाचं फळ होतं’ हे वाक्य खटकलं. मधला सगळ्यात सुंदर भागच त्यात गळून गेलाय! कण पडल्यावर त्याला परागनलिका, म्हणजे एक बारीक नळी, फुटते आणि ती आत बीजांडापर्यंत (ज्याची पुढे बी होते) पोचावी लागते. तिथे परागातली एक पुंपेशी (नर पेशी) अंडपेशीला मिळून भ्रूण होतो, दुसरीमुळे भ्रूणपोष (भ्रूणाचं अन्न) तयार होतो. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं. मग वाढू लागलेल्या बिया ऑक्सिनसारखी संप्रेरकं (वाढीचा सांगावा देणारी रसायनं) सोडतात आणि त्या सांगाव्यावर भोवतीचा अंडाशय (फुलातला बीजांडांचा कप्पा) फुगतो. म्हणजे बहुतेक झाडांत फळ वाढवते ती बी. (केळ्यासारखी बिनबियांची फळं हा अपवाद, तो वेगळा विषय.)

मी काकडीचा वेल लावला होता. एका बाजूला जाड आणि देठाकडे बारीक, वाकडी अशी एक काकडी आली. रोग असेल म्हणून उभी चिरली, तर जाड भागात टपोऱ्या बिया आणि बारीक भागात नुसती चपटी, पोकळ टरफलं. पुरेसा पराग पोचला नव्हता, एवढंच. तेव्हापासून मादी फुलाखालची इवलीशी काकडी पिवळी पडून गळली की मी खताआधी मधमाश्या येतायत का ते बघते. लेख मुलांसाठी आहे, म्हणून तर ही पायरी त्यात हवीच होती. मुलांना कळत नाही असं थोडंच आहे? एक वाकडं फळ चिरून हातात द्या, पटकन कळेल.