मुलींना खेळू द्या, पण बेतानं

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या ख्रिस्ती कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर तुमची वर्णी लागली आणि पहिल्याच बैठकीत मुलींचे खेळ तुमच्या गळ्यात पडले. घाबरू नका. खेळाला विरोध करायचा नाही, तो जमाना गेला. शरीर हे मंदिर आहे असं बायबल सांगतंच, ते उद्घाटनाच्या भाषणात वापरा. सांभाळायचं एवढंच, की मुली खेळल्या पाहिजेत, पण जास्त चांगल्या खेळता कामा नयेत.

पूर्वजांनी बरंच काम करून ठेवलंय. बास्केटबॉल १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या संस्थेत, म्हणजे ख्रिस्ती घरातच जन्मला. लवकरच जवळच्या स्मिथ कॉलेजात मुलींसाठी कोर्टाचे तीन भाग पडले. आपला भाग सोडायचा नाही, दुसरीच्या हातातून चेंडू हिसकायचा नाही. १८९३ च्या पहिल्या सामन्याला तर पुरुषांना दारच बंद! पुढे १९२० च्या दशकात ‘प्ले डे’ची टूम निघाली. दोन-चार कॉलेजांच्या मुली बोलवायच्या, सगळ्यांची सरमिसळ करून संघ पाडायचे, म्हणजे कुठलं कॉलेज जिंकलं हा प्रश्नच मिटला. मग खाऊ-पिऊ. हळदीकुंकवाला निदान वाणावरून तरी चुरस असते.

आता अख्खं कोर्ट द्यावं लागतं, म्हणून सगळं कागदावर करा. इंट्राम्युरल म्हणजे एक वसतिगृह विरुद्ध दुसरं. खर्च एका शिट्टीचा. क्लब म्हणजे बाहेरच्यांशी सामने, पण जर्सी, गाडीभाडं, पंचांचं मानधन बहुतेक वर्गणीतून. छातीवर नाव कॉलेजचं, बिल पालकांना. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजांना शिक्षणात मुलगा-मुलगी भेद नको म्हणणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा लागतो खरा, पण मुलींना समान संधी मिळते का हे बघायला खेळाडूंची डोकी मोजताना सहसा अधिकृत संघांचीच मोजतात. मात्र जपून! ‘आमच्या क्लबला अधिकृत संघ करा’ असा मुलींचा अर्ज आला, की मुलींना रस असल्याचा तो पुरावा ठरू शकतो. तेव्हा अर्ज तोंडीच ऐकून घ्या. सरावाला रात्री दहाची वेळ द्या आणि वर्षअखेरीस ‘प्रतिसाद अल्प’ असा शेरा मारा. धर्मतत्त्वांना बाधा येत असेल तिथे धार्मिक संस्थेला कायद्यातून सूटही आहे. व्हॉलीबॉलने कुठलं तत्त्व बाटतं, ते वचन तेवढं शोधून ठेवा.

एवढं करूनही घात होतो. पेनसिल्व्हेनियातलं इमॅक्युलाटा बघा. कॅथलिक सिस्टरांनी चालवलेलं, तेव्हा फक्त मुलींचं असलेलं छोटं कॉलेज. तिथली व्यवस्था खरं तर आदर्श होती. जिम १९६७ च्या आगीत गेलेली. प्रशिक्षक कॅथी रश यांना वर्षाचे ४५० डॉलर. खेळायचा पोशाख म्हणजे लोकरीचा झगा. १९७२ मध्ये बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेला इलिनॉयला जायचं, तर तिजोरीत खडखडाट. पोरींनी टूथब्रश विकले, तरी आठच जणी जाऊ शकल्या. त्याच्या थोडंच आधी वेस्ट चेस्टर कॉलेजच्या संघाने त्यांना ३२ गुणांनी धुतलं होतं. कुठल्याही समंजस संघाने इथे गाशा गुंडाळला असता. या बयांनी अंतिम सामन्यात त्याच वेस्ट चेस्टरला ५२-४८ असं हरवलं आणि पुढची दोन वर्षंही विजेतेपद सोडलं नाही. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये त्यांना बघायला हजारोंची गर्दी!

कुठे चुकलं? पैशांत नाही, तिथे चोख काटकसर होती. गफलत प्रेक्षकांत झाली. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांनी पत्र्याच्या बादल्या आणून दिल्या आणि जपमाळ ओढणाऱ्या सिस्टर त्या बडवत बसल्या. समोरच्या संघाला स्वतःच्या कोचचं बोलणं ऐकू येईना.

तेव्हा यंदाच्या अंदाजपत्रकात मुलींच्या क्लबला किती कात्री लावायची, ते नंतर ठरवू. आधी मठातल्या बादल्यांची मोजदाद करून घ्या, आणि यापुढची खरेदी फक्त प्लॅस्टिकची असा ठराव मंजूर करा.