ग्रेव्ही एकच, हात वेगळे

'कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटात पनीरचं काहीही मागवा, चव एकच' अशी तक्रार करणारा, आणि हा आचाऱ्यांचा आळस आहे असं म्हणणारा एक लेख वाचला. तक्रार रास्त आहे. पण त्याला आळस म्हणणं पटलं नाही. पंधरा मिनिटांत भाजी टेबलावर हवी तर दुसरा इलाज काय? बहुतेक ठिकाणी सकाळीच पातेली भरून ठेवतात: कांदा-टोमॅटोची एक, टोमॅटो-काजूची लाल मखनी, आणि उकडलेला कांदा, काजू, मगज (सोललेल्या कलिंगड-खरबुजाच्या बिया) वाटून पांढरी. कढई पहिलीतून, बटर मसाला दुसरीतून, शाही कुर्मा तिसरीतून. खरा फरक पडतो शेवटच्या दोन मिनिटांत. धणे आणि सुकी मिरची भाजून भरड कुटलेली, सिमला मिरची मोठ्या आचेवर परतून करकरीत राहिलेली, कसुरी मेथी हातावर चोळून टाकलेली असेल, तर तीच ग्रेव्ही ओळखूही येत नाही. नाहीतर आहेच लाल रंग आणि वर क्रीमची नक्षी!

नव्या ठिकाणी मी आधी दाल तडका मागवतो. तिथे काजू-क्रीमच्या आड लपता येत नाही, लसूण करपली की लगेच कळतं. आणि रोट्या एकदम सहा मागवू नका हो, तंदुरी रोटी गार झाली की चामडं.

एक दुरुस्ती: सर्व्हिस चार्ज 'द्यावाच लागतो' असं त्या लेखात लिहिलंय, तसं नाही. ५ टक्के जीएसटी हा कर आहे, सर्व्हिस चार्ज हा कर नाही. सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगा, बहुतेक वेळा मुकाट काढतात.